प्लेट तुटली, पण माणूस बरा: श्रोणीच्या सांध्यांच्या शस्त्रक्रियेत ‘यश’ कसं मोजलं गेलं?

२०१२ साली ब्रिस्टलमधल्या शल्यचिकित्सकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं शीर्षकच एक प्रश्न होतं. मराठीत सांगायचं तर, जघनसंधीला बसवलेली प्लेट निकामी झाली तर रुग्णाच्या दृष्टीनं त्याला काही महत्त्व असतं का? त्यांनी १४८ रुग्ण तपासले होते. या सगळ्यांच्या श्रोणीचा पुढचा सांधा अपघातात फाकला होता आणि तो प्लेट-स्क्रूनं जोडला होता. पुढच्या तपासण्यांच्या एक्स-रेमध्ये ६३ जणांची जोडणी निकामी झालेली दिसली, म्हणजे शंभरात त्रेचाळीस. पण त्या ६३ पैकी बहुतेकांना काहीच त्रास नव्हता.

आता सांगा, ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणायची की अयशस्वी? एक्स-रेला विचारलं तर उत्तर एक येतं, रुग्णाला विचारलं तर दुसरं. इंजिनियरला विचाराल तर तो म्हणेल, शंभरातल्या त्रेचाळीस ठिकाणी मोडणारा भाग मी बाजारात आणणारच नाही.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींना ‘आउटकम’ हा शब्द रोज भेटतो. प्रस्तावाच्या नमुन्यात त्यासाठी एक रकाना असतो आणि आपण तो भरून टाकतो. या लेखात मला एवढंच दाखवायचंय की त्या रकान्यालाही इतिहास असतो. श्रोणीच्या दुखापतींत ‘निकाल’ या शब्दाचा अर्थ गेल्या पावणेदोनशे वर्षांत निदान चार वेळा बदलला. दर वेळी अर्थ बदलला की कोणती शस्त्रक्रिया चांगली, याचं उत्तरही बदललं.

आधी थोडी शरीररचना

श्रोणी, म्हणजे डॉक्टर ज्याला पेल्व्हिस म्हणतात ते, हाडांचं एक कडं आहे. मागे मध्यभागी त्रिकास्थी, पाठीच्या कण्याचा खालचा पाचरीसारखा भाग. दोन्ही बाजूंना कमरेची दोन रुंद हाडं. ही दोन हाडं पुढे, जननेंद्रियांच्या वर, एकमेकांना भेटतात, तो सांधा म्हणजे जघनसंधी किंवा सिम्फिसिस. मागे त्रिकास्थीशी ती दोन ठिकाणी जुळतात, ते दोन एसआय सांधे. असे एकूण तीन सांधे.

हे कडं काचेच्या बांगडीसारखं वागतं. बांगडी एकाच जागी तुटून तशीच गोल राहत नाही, दुसरीकडेही कुठेतरी तडा जातोच. पुढचा सांधा बराच फाकला असेल तर मागेही काहीतरी गेलंय असं धरूनच चालायचं. आणि वजनाचा हिशोब मागचा असतो. धडाचा सगळा भार मागच्या दोन सांध्यांतून मांड्यांकडे उतरतो. तिथे हाडं खाचेत अडकवून बसवलेली नसतात, जाडजूड अस्थिबंधांनी आवळून धरलेली असतात.

इथे एक फरक लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. मोडलेलं हाड हाडानंच भरून येतं. फाटलेला अस्थिबंध मात्र व्रणासारख्या ऊतीनं सांधला जातो आणि त्याला पूर्वीची ताकद येईलच असं नाही. त्यामुळे श्रोणीचं हाड मोडणं आणि श्रोणीचा सांधा निखळणं या दोन वेगळ्या दुखापती आहेत, दोन्हींचा अपघात अगदी सारखा असला तरी.

पहिला निकाल: जगला

फ्रेंच शल्यचिकित्सक जोसेफ-फ्रांस्वा मालगेन्य यांनी १८४७ मध्ये अस्थिभंगांवरच्या आपल्या ग्रंथात श्रोणीच्या ‘दुहेरी उभ्या’ भंगाचं वर्णन केलं. कडं पुढेही तुटलंय, मागेही तुटलंय आणि मधला तुकडा पायासकट वर सरकलाय. आजही या प्रकाराला त्यांचं नाव चिकटलेलं आहे. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे अजून जवळजवळ अर्धं शतक दूर. हाताला काय लागतं, पाय किती आखूड झालाय आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात काय दिसतं, एवढ्यावर हे वर्णन उभं आहे.

अशी दुखापत झालेला माणूस बहुतेक वेळा आतल्या रक्तस्रावानं दगावायचा, नाहीतर फाटलेल्या मूत्रमार्गातून सुरू झालेल्या संसर्गानं. तेव्हा जगला की नाही, हाच निकाल. उपचार म्हणजे अंथरुणाला खिळून राहणं, पायाला वजन बांधून ताण देणं, आणि कमरेखाली कापडाची झोळी घालून ती वर टांगणं, म्हणजे शरीराच्या वजनानंच फाकलेल्या दोन बाजू जवळ येतील. १९३८ मध्ये ब्रिटनच्या रेजिनाल्ड वॉटसन-जोन्स यांनी रुग्णाला कुशीवर झोपवून सांधा बसवण्याची आणि प्लास्टरमध्ये धरून ठेवण्याची पद्धत मांडली. यात गुरुत्वाकर्षणाचा उपयोग फार हुशारीनं केला होता, पण चीरफाड नव्हती.

वाचक विचारतील, प्लेट तेव्हा नव्हती का? होती की! विल्यम आर्बथनॉट लेन लंडनमध्ये आणि ॲल्बिन लँबॉट बेल्जियममध्ये विसावं शतक उजाडायच्या सुमारासच हाडांवर धातूच्या पट्ट्या बसवत होते. हाड शस्त्रक्रियेनं जोडण्याला ‘ऑस्टिओसिंथेसिस’ हा शब्द लँबॉट यांनीच दिला. पण ते काम मुख्यतः हातापायांच्या लांब हाडांवर चालायचं. श्रोणी खोल असते, रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात असते, मूत्राशयाला चिकटून असते. प्रतिजैविकं नसताना आणि रक्तपेढ्या नसताना तिथे चाकू लावणं म्हणजे वाचलेल्या माणसाला पुन्हा धोक्यात घालणं.

दुसरा निकाल: कामावर परतला

१९४८ मध्ये शेफील्डचे फ्रँक होल्ड्सवर्थ यांनी श्रोणीच्या निखळण्यावर आणि मोडण्यावर एक निबंध लिहिला. शेफील्ड म्हणजे कोळसा आणि पोलाद. पुढे खाणकामगारांच्या कण्याच्या दुखापतींवरच्या कामासाठी होल्ड्सवर्थ जगभर ओळखले गेले. श्रोणीच्या ५० रुग्णांचा आढावा घेताना त्यांनी जो प्रश्न विचारला तो अगदी त्यांच्या गावचा होता: हा माणूस पुन्हा अंगमेहनतीचं काम करू शकतो का?

उत्तर धक्कादायक निघालं. एसआय सांधा निखळलेले २७ रुग्ण होते. त्यांतल्या १५ जणांना मागे सतत दुखत होतं आणि ते कामावर परतू शकले नव्हते. याउलट ज्यांचा सांधा शाबूत होता, पण शेजारचं हाड, म्हणजे त्रिकास्थी किंवा कमरेचं हाड, मोडलं होतं, त्यांचे निकाल बरेच चांगले होते.

वर सांगितलेला हाड आणि अस्थिबंध यांच्यातला फरक आठवतोय ना? होल्ड्सवर्थ यांना तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला नाही, माणूस कामावर गेला की घरी बसला, या साध्या नोंदीत दिसला. फक्त ‘जगला’ एवढाच रकाना ठेवला असता तर दोन्ही गट सारखेच दिसले असते. निकालाची व्याख्या बदलली, म्हणून एक नवा आजार दिसायला लागला. पुढे श्रोणीच्या मागच्या बाजूवर शस्त्रक्रिया करावी असं म्हणणारे जवळजवळ सगळे या निबंधाकडे बोट दाखवतात. खरं तर होल्ड्सवर्थ यांचे रुग्ण झोळी आणि ताणावर वाढलेले होते. ‘न चिरता काय होतं’ याचा तो आरसा होता.

अर्थात ‘कामावर परतला’ या मोजपट्टीलाही कडा आहेत. अंगमेहनत न करणाऱ्या माणसाचं काय? घरकाम करणाऱ्या बाईचं ‘कामावर परतणं’ कोणत्या दिवशी मोजायचं? ती तर बहुधा दुखत असतानाच चुलीपाशी उभी राहिलेली असते. आणि कामावर न परतण्याची कारणं नेहमी सांध्यातच असतात असंही नाही. मालक, भरपाई, वय, घरची परिस्थिती, सगळं त्यात मिसळतं. तरीही या मोजपट्टीत एक प्रामाणिकपणा होता. ती रुग्णाच्या आयुष्यातून उचललेली होती.

तिसरा निकाल: फट मिटली

यानंतरची तीस-पस्तीस वर्षं तंत्रज्ञानाची आहेत. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एओ हा गट स्थापन झाला आणि हाडांच्या प्लेट-स्क्रूंना शिस्त आली: ठरावीक मापं, ठरावीक अवजारं, प्रशिक्षण, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद. पॅरिसमध्ये रॉबेर ज्युदे आणि एमिल लेतुर्नेल यांनी खुब्याच्या खोबणीच्या भंगांवर मूलगामी काम केलं. श्रोणीच्या आत सुरक्षितपणे कसं शिरायचं, हे त्यातून शल्यचिकित्सकांना कळत गेलं. १९७३ मध्ये फाकलेल्या जघनसंधीवर प्लेट बसवण्याचा एक प्राथमिक अहवाल ब्रिटिश अस्थिरोग नियतकालिकात छापून आला. ‘प्राथमिक’ हा शब्द शीर्षकातच होता.

पण प्लेट कुणाला घालायची? इथे टोरांटो येतं. जॉर्ज पेनल यांनी १९६० च्या सुमारास प्रश्नाची दिशाच बदलली. हाड कुठे मोडलं, यापेक्षा जोर कुठून आला, हे त्यांनी विचारलं. समोरून दाब आला तर श्रोणी पुस्तकासारखी उघडते, बाजूनं आला तर आत चेपली जाते, उंचावरून पडल्यावर एक बाजू वर सरकते. वरून तिरका आणि खालून तिरका असे एक्स-रेचे दोन खास कोनही त्यांनी रूढ केले. आजही अपघात विभागात ते काढतात.

पेनल यांचे सहकारी मार्व्हिन टाइल यांनी हे काम पुढे नेलं. शवांवरच्या प्रयोगांत दिसलं की फक्त जघनसंधी कापला तर फट साधारण २.५ सेंटिमीटरपर्यंतच उघडते. त्यापुढे उघडायला मागचे काही अस्थिबंध तुटावे लागतात. त्यामुळे २.५ सेंटिमीटर ही जणू लक्ष्मणरेषा झाली. अलीकडे विश्रांती, पलीकडे ऑपरेशन. टाइल यांनी दुखापतींची स्थिर, अर्धवट अस्थिर आणि पूर्ण अस्थिर अशी तीन गटांत मांडणी केली आणि १९८८ मध्ये थेट प्रश्न विचारणाऱ्या शीर्षकाखाली लेख लिहिला: श्रोणीचे भंग शस्त्रक्रियेनं जोडावेत का? त्यांचं उत्तर सरसकट हो नव्हतं. बहुतेक दुखापती स्थिर असतात, त्यांना चाकूची गरजच नाही. गरज आहे ती अस्थिर गटाला.

या टप्प्यावर एक गोष्ट गुपचूप घडली. २.५ हा आकडा शवांवर मिळाला होता, तोही ‘कोणते अस्थिबंध तुटले असतील’ याचा अंदाज बांधण्यासाठी. तो आकडा जिवंत रुग्णांच्या एक्स-रेवर जाऊन बसला आणि हळूहळू निकालाचीही मोजपट्टी बनला. ऑपरेशननंतर किती मिलिमीटर उरले? १९९६ मध्ये जोएल मॅटा आणि पॉल टोर्नेटा यांनी वापरलेली श्रेणी प्रसिद्ध आहे: उरलेलं विस्थापन ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर उत्तम, ५ ते १० चांगलं, १० ते २० साधारण, त्यापुढे वाईट. ‘उत्तम’ हे विशेषण आता माणसाला नाही, चित्राला लागत होतं.

मिलिमीटर मोजणं वाईट नाही. ते लगेच मोजता येतं, शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडायच्या आधीच. रुग्ण पुढच्या तारखेला आला नाही तरी आपला तक्ता रिकामा राहत नाही. पण या मोजमापांतही गोंधळ होता. २०१२ मध्ये श्रोणीच्या एक्स-रे निकालांचा एक पद्धतशीर आढावा निघाला. जो तो आपल्या पद्धतीनं विस्थापन मोजतो आणि त्या पद्धती कितपत भरवशाच्या आहेत हे फारसं तपासलेलंच नाही, असं त्यात दिसलं. २.५ च्या रेषेबद्दलही शंका आल्या. २०१० मध्ये पुन्हा शवांवर केलेल्या एका अभ्यासात मागचे अस्थिबंध तुटतानाची फट स्त्रियांत पुरुषांपेक्षा सरासरीनं कमी आढळली. एकच रेषा दोघांना लावली तर कुणाची दुखापत कमी लेखली जाईल, हे वेगळं सांगायला नको.

चौथा निकाल: शंभरपैकी किती

१९८९ मध्ये एस. ए. मजीद यांनी श्रोणीच्या रुग्णांसाठी गुणपत्रिका तयार केली. तुम्ही या विषयावरचा कुठलाही प्रबंध उघडा, ती भेटेलच. एकूण गुण शंभर. वेदनेला ३०, कामाला २०, बसण्याला १०, लैंगिक संबंधाला ४, आणि उभं राहण्या-चालण्याला ३६. या ३६ चे परत तीन समान भाग: आधार लागतो का, चाल कशी आहे, किती अंतर चालता येतं. ८५ च्या वर उत्तम, ७० पासून चांगलं, ५५ पासून साधारण, त्याखाली वाईट. दुखापतीआधी काम न करणाऱ्यांसाठी कामाचे गुण वगळून ८० पैकी मोजायचं.

ही सुधारणा मोठी होती. होल्ड्सवर्थ यांचा ‘काम’ हा प्रश्न परत आला, वेदना आली, आणि लैंगिक आयुष्याचा उल्लेख एका अस्थिरोग तक्त्यात झाला. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती. पण प्रत्येक गुणपत्रिका म्हणजे कशाला किती किंमत द्यायची याचा निर्णय असतो. जरा हिशोब करून पाहा. लैंगिक संबंध वेदनेमुळे अशक्य झालेत, तिथे शून्य. जास्त वेळ किंवा अवघडून बसलं की दुखतं, तिथे दहापैकी सहा. बाकी सगळं ठीक. बेरीज ९२. निकाल? उत्तम.

त्यातलं ‘अवघडून बसणं’ माझ्या मनात घर करून आहे. गुणपत्रिकेच्या लेखी बसणं म्हणजे खुर्चीत बसणं, आणि बाकीच्या बैठका अवघड. आपल्याकडे मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून भांडी घासणं, भारतीय पद्धतीच्या शौचालयाला जाणं, शेतात खुरपणीला बसणं, हे दिवसाचे नेहमीचे व्यवहार आहेत. एसआय सांधा दुखावलेल्या शेतमजूर बाईला या बैठका जमत नसतील तर तिचं काम, घर आणि अब्रू तिन्ही अडचणीत येतात. गुणपत्रिकेत तिचे गुण जातील चार. म्हणून मजीद यांची पत्रिका फेकून द्यायची असं मी म्हणत नाही. तिच्यामुळेच जगभरच्या निकालांशी तुलना करता येते. पण महाराष्ट्रातल्या रुग्णालयात बसून प्रबंध लिहिताना तिच्या जोडीला दोन साधे प्रश्न आपले घालायला काहीच हरकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे प्रश्न उशिराच विचारले गेले. १९९७ मध्ये कोपलँड आणि सहकाऱ्यांनी श्रोणीची दुखापत झालेल्या स्त्रियांना लघवी, संबंध आणि बाळंतपण याबद्दल विचारलं. ज्यांच्या हाडांत ५ मिलिमीटर किंवा जास्त विस्थापन उरलं होतं त्यांच्यात लघवीच्या तक्रारी आणि संबंधाच्या वेळची वेदना जास्त आढळली. इथे मिलिमीटर आणि आयुष्य यांची गाठ पडली, हे लक्षात घ्या. म्हणजे एक्स-रेचा निकाल निरर्थक नव्हता. त्याला कोणत्या प्रश्नाशी जोडायचं, हेच ठरलेलं नव्हतं.

दोन छिद्रं की जास्त?

आता सुरुवातीच्या तुटक्या प्लेटकडे येऊ. जघनसंधीच्या दोन हाडांमध्ये तंतुमय कूर्चेची चकती असते आणि निरोगी माणसातही तिथे थोडी हालचाल होते. पाऊल टाकताना, एका पायावर उभं राहताना दोन्ही बाजू किंचित वरखाली होतात. त्यावर धातूची पट्टी आवळली की ती हालचाल धातूला सोसावी लागते. एकच तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. मांडीच्या हाडावरच्या प्लेटचं काम हाड भरून येईपर्यंतच असतं. इथे भरून येणारं हाडच नाही. सांधा जन्मभर हलत राहणार, म्हणजे प्लेट आज ना उद्या सैल होणार किंवा तुटणार.

हे ओळखून १९८८ मध्ये वेब आणि सहकाऱ्यांनी दोनच छिद्रांच्या प्लेटचा पुरस्कार केला. प्रत्येक बाजूला एकच स्क्रू, म्हणजे सांध्याची नैसर्गिक हालचाल थोडीफार राहील. वीस वर्षांनी, २००८ मध्ये, सागी आणि पॅप यांनी दोन छिद्रांची आणि अनेक छिद्रांची प्लेट यांची तुलना केली. दोन छिद्रांच्या गटात जोडणी निकामी होण्याचं प्रमाण सुमारे ३३ टक्के, अनेक छिद्रांच्या गटात सुमारे १२ टक्के. हाडं वाकड्या स्थितीत जुळण्याचं प्रमाणही पहिल्या गटात बरंच जास्त. यावरून अनेक शल्यचिकित्सकांनी दोन छिद्रांच्या प्लेटला रामराम ठोकला. पण त्याच निबंधात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत लक्षणीय वेगळं नव्हतं. ‘निकामी’ हा निकाल धरला तर दोन छिद्रं हरतात. ‘पुन्हा ऑपरेशन’ धरला तर सामना बरोबरीत.

मग काहींना वाटलं, प्लेट आणखी घट्ट करू. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी बसतं, ठिसूळ हाडांत ती फार उपयोगी पडते. २०१२ मध्ये मोएड आणि सहकाऱ्यांनी जघनसंधीसाठी खास बनवलेल्या लॉकिंग प्लेट निकामी झाल्याची सहा उदाहरणं मांडली. हलणारा सांधा जास्त घट्ट आवळून प्रश्न सुटत नाही, एवढा इशारा त्यातून मिळाला. आणि त्याच वर्षी ब्रिस्टलचा प्रश्न आला: निकामी झाली तर झाली, रुग्णाला काय? त्यामागचा विचार असा, की अस्थिबंध सांधले जाईपर्यंत प्लेटनं धरून ठेवलं तर तिचं काम झालं. त्यानंतर तुटली तर ती निवृत्त झाली असं समजा.

हा दिलासा मात्र मागच्या सांध्याला तसाच्या तसा लावता येत नाही. तिथे भार आहे. १९८७ मध्ये सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या बाजूनं जाऊन एसआय सांध्यावर प्लेट बसवण्याची पद्धत मांडली. सांधा डोळ्यांसमोर येतो, पण कमरेच्या पाचव्या मणक्यातून निघणारी मज्जातंतूची मुळी जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते, त्यामुळे त्रिकास्थीच्या बाजूला प्लेटला फारशी जागाच नसते. १९९५ मध्ये सिएटलच्या राउट आणि सहकाऱ्यांनी रुग्णाला उताणं ठेवून, कातडीला लहानसा छेद देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत आडवा लांब स्क्रू घालण्याचे सुरुवातीचे निकाल दिले. रक्तस्राव कमी, जखम लहान. मागच्या बाजूला स्क्रू आणि पुढे प्लेट ही जोडी तेव्हापासून सर्रास दिसू लागली. २००८ मध्ये म्युलिस आणि सागी यांनी उभ्या सरकलेल्या सांध्यांचा अभ्यास करून विचारलं की सांधा हाडासारखा जुळून गेला तर बरं, की तो नेमका जागेवर बसला तर बरं? उत्तर नेमक्या जागेच्या बाजूनं आलं. म्हणजे मागे मिलिमीटरना अजून वजन आहे, पुढे ते तितकं स्पष्ट नाही. एकाच कड्याच्या दोन टोकांना एकच मोजपट्टी चालत नाही.

आपल्या प्रस्तावासाठी

या इतिहासातून मी माझ्यासाठी काही प्रश्न काढले आहेत. विषय अस्थिरोगाचा नसला तरी ते लागू पडतात.

१. तुमचा निकाल कुणाच्या जागेवरून दिसतो? यंत्राच्या, डॉक्टरच्या, मालकाच्या की रुग्णाच्या? एकच निवडायचा असेल तर का, ते लिहा.

२. तुम्ही वापरत असलेला आकडा कुठून आला? २.५ सेंटिमीटर शवांवरून आला, तोही वेगळ्या प्रश्नासाठी. मूळ निबंध वाचल्याशिवाय कुठलीही मर्यादा वापरू नका.

३. दोन काळांची तुलना करताय? मग विचारा, तेव्हाचे रुग्ण आणि आताचे रुग्ण एकच आहेत का? आज कमरपट्टा आवळून, रक्त देऊन वाचवले जाणारे काही जण मालगेन्य यांच्या काळात निकालाच्या तक्त्यापर्यंत पोचलेच नसते. जास्त गंभीर माणसं जगू लागली की सरासरी निकाल बिघडल्यासारखा दिसू शकतो, उपचार सुधारले असले तरी.

४. त्रास खरंच त्या दुखापतीचा आहे का? ज्या धक्क्यानं श्रोणीचं कडं उघडतं, त्यानं मूत्रमार्ग, मज्जातंतू, पाय, कधी डोकंही जखमी होतं. सगळ्याचा हिशोब प्लेटच्या नावावर टाकणं अन्याय आहे, आणि सगळं श्रेय तिला देणंही.

५. जे परत आलेच नाहीत त्यांचं काय? पुढच्या तारखेला न येणारा रुग्ण बरा झाला म्हणून येत नाही, की एसटीत दोन तास बसवत नाही म्हणून येत नाही? गुणपत्रिका दोघांनाही गाळते.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर रुग्णालयाच्या कागदांत सापडत नाही. त्यासाठी फोन करावा लागतो, पत्ता शोधावा लागतो, कधी घरी जावं लागतं. होल्ड्सवर्थ यांच्या १५ जणांना दुखतंय हे कुणीतरी त्यांना विचारलं म्हणून कळलं. पुढच्या चाळीस वर्षांच्या प्लेट आणि स्क्रू त्या विचारण्यानंतरच्या आहेत. प्रस्तावाच्या खर्चाच्या रकान्यात प्रवास आणि फोन यांच्यासाठी थोडी जागा ठेवा. मार्गदर्शक कशाला म्हणून विचारतील, तेव्हा १९४८ चा निबंध त्यांच्यापुढे ठेवा.